धायटीची झारी

समोरच्या बंगल्यातल्या काकांचं नाव मला कधीच कळलं नाही. मी विचारलंच नाही. तेव्हा मी कुणालाच फारसं काही विचारत नसे. कॉलेजला निघताना ते रोज कुंपणापाशी धायटीच्या झुडपाला पाणी घालताना दिसत. काकूंचं माहेर त्र्यंबकजवळचं. लहानपणी डोंगरावर त्या धायटीची लाल फुलं तोडून त्यातला मध चोखायच्या. त्यांच्यासाठीच काकांनी ते रोप आणलं होतं, पण त्याला नुसती पानंच यायची.

"अहो, खडकावर उन्हात वाढणारी ती," काकू पायरीवरून म्हणायच्या. "तिला शेणखत काय, दोन वेळा पाणी काय. जावयासारखे लाड चाललेत. फुलेल कशाला?"

दिवाळीनंतर एकदा काकांनी झारी आणून माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी द्यायची नाही."

दुसऱ्याच दिवशी ते आमच्या फाटकाशी उभे. "गुलाबासाठी हवी होती." त्यांच्याकडे गुलाब नव्हता. मग तुळशीसाठी. तुळशीला तर काकू तांब्याने पाणी घालत. मी खाली बघून नुसती मान हलवायचे आणि घरात पळायचे.

होळीच्या सुमाराला झुडूप लालभडक झालं. काकू पायरीवर बसून फुलं चोखत होत्या. काका लगबगीने माझ्याकडे आले. "आता तरी दे. इतकं फुलून दमली असेल गं ती."

"नाही, काका. मिळणार नाही."

ते गर्रकन काकूंकडे वळले. म्हणाले, "अगं, ही बोलते."

"मग पुढच्या वर्षीही झारी तिच्याकडेच राहू दे," काकू म्हणाल्या.