चौकट न् चौकट बरोबर

प्रिय बाळांनो,

भूत, भानामती, अंगात येणं... यांतल्या कशावरच माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. कपाटातल्या त्या चित्रातला माणूस कोण, असं तुम्ही फोनवर विचारलंत, म्हणून जे घडलं ते क्रमानं लिहिते.

अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या धामधुमीत माझा थोरला भाऊ, आमचा दादा, सकाळी लासूर स्टेशनच्या बाजाराला गेला आणि परत आला नाही. त्याचा फोटो नव्हता. मी लहान होते; मला त्याचा चेहरा आठवत नाही. वहिनी कुंकू लावत राहिली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत होती. त्यानंतर बायकोचं कुंकू पुसायचं.

ती बारा वर्षं भरत आली तेव्हा मी औरंगाबादला इंग्रजी घेऊन बी.ए. करत होते, आणि शहागंजात एका म्हाताऱ्या उस्तादांकडं चित्रकला शिकायला जात होते. त्यांनी तरुणपण उतरताना काढलेलं स्वतःचं तैलचित्र तिथं होतं — शेरवानी, मिशा, कानशिलावर पांढरे केस. प्रत्येक शिष्यानं पहिली नक्कल त्याचीच करायची. पण चित्र टांगायचं उलटं, डोकं खाली. त्यावर दोऱ्याच्या चौकटी ताणलेल्या, आपल्या कॅनव्हासवर पेन्सिलीच्या तेवढ्याच. एक चौकट उघडी ठेवायची, बाकी सगळ्यावर कापड.

"चेहरा नक्को देखो बेटी," ते म्हणायचे. "चेहरा देखे तो हाथ झूठ बोलता. चौकट देखो."

मी चौकटीच पाहिल्या. शेवटची संपली तेव्हा त्यांनी माझा कॅनव्हास सुलटा केला. मग दोन्ही चित्रं शेजारी ठेवून कंपासनं मोजत बसले.

"चौकट न् चौकट बरोबर है," शेवटी म्हणाले. "मगर ये मैं नै हूँ. कौन है?"

मला माहीत नव्हतं. कुणीतरी अनोळखी माणूस होता.

पुतळ्याच्या विधीसाठी गावी गेले, तेव्हा आबांना दाखवायला चित्र सोबत नेलं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते पाहिलं आणि ओसरीवरच बसले.

"कुठं भेटला तुला ह्यो?"

"कोण, आबा?"

त्यांनी वहिनीला हाक मारली. वहिनी पदराला हात पुसत आली. तिनं बराच वेळ पाहिलं.

"शेरवानी कवापासून घालाया लागले," ती म्हणाली. मग चित्रातल्या कानशिलाजवळ बोट नेलं, टेकवलं नाही. "केसं पिकल्यात, मामंजी."

"चित्र हाय ते पोरी. दुसऱ्याच माणसाचं."

"मेलेल्याची केसं पिकत न्हाईत."

तिचा आवाज चढला नव्हता. भाकरी झाली म्हणून सांगावं, तसं तिनं सांगितलं. दर्भ आणून ठेवलेला होता. आबांनी भटजींना चहा दिला आणि परत पाठवलं. त्यावर भावकी पुष्कळ दिवस बोलत होती.

दादा आला नाही. आबा गेले. वहिनी पुढं खूप वर्षं जगली. रोज आंघोळ झाली की कुंकू लावायची. ती गेली तेव्हा गावातल्या बायकांनी मला बाजूला घेतलं. "लुगडं कोणतं नेसवायचं, हिरवं का पांढरं? तू शिकलेली हाईस, तूच सांग."

मी हिरवं म्हणाले. रडू आलं नाही. पुरावा म्हणून माझ्याकडं ते एक चित्र होतं.

आता त्याचा रंग उडालाय, खालच्या पेन्सिलीच्या चौकटी वर आल्यात. एकेक चौकट पाहिली की दिसतो तो उस्तादांचा कान, उस्तादांची मिशी. मागं सरकलं की तो दुसरा माणूस. असं का होतं, ते मला अजून कळलेलं नाही. मला दादाचा चेहरा माहीत आहे तो एवढाच.

— तुमची आजी