टॅम्सिनचं आंबवण

रात्रभर पाऊस आणि बर्फ हातात हात घालून पडले होते. सकाळी अंगणात घोटाभर चिखलाचा रेंदा झालेला. सबमिट थेअरने राखेतले निखारे उकरून चूल पेटवली, धार काढून आणली आणि राय नावाच्या धान्याचं नि मक्याचं पीठ काथवटीत ओतून मळायला बसली. बाहेरच्या खोलीत रात्री उतरलेले गाडीवाले अजून घोरत होते. नवरा जोथम बैलांना गवत टाकायला गेला होता.

नदीकाठच्या रस्त्यावरची ही सराई चालायची ती जोथमच्या सफरचंदाच्या दारूवर. पण गेल्या पानगळीपासून चालत होती टॅम्सिनच्या पावावर.

टॅम्सिन इंग्लंडहून जहाजानं समुद्रापलीकडच्या या नव्या मुलखात आलेली. नवरा वाटेतच गेला. पायी पायी इथवर आली तेव्हा शालीखाली पोटाशी एक मडकं बांधलेलं होतं, आत पाव फुगवायचं फसफसणारं आंबवण. थंडीनं मरतं म्हणून अंगाच्या उबेला धरलंय, म्हणाली. सबमिट हसली होती, "लेकरू नाही कडेवर, नि मडक्याला पाजत हिंडतेस होय गं?" पण पहिला पाव फुगून वर आला आणि सबमिटनं तिला माळ्यावर गादी घालून दिली. त्या पावासाठी गाडीवाले पुढच्या गावची सराई टाळून इथं बैल सोडू लागले.

हिवाळा सरता सरता टॅम्सिन खोकायला लागली. सबमिट रात्री माळ्यावरचा खोकला ऐकत जागी राहायची. बाई अंथरुणाला खिळली तर तिचं कोण करणार? एका रविवारी प्रार्थनेनंतर, जोथमला न सांगता, ती गावच्या एका पंचाच्या कानाशी लागली.

आता, यात जगावेगळं काही नव्हतं. परका माणूस गावात वर्षभर राहिला आणि गावानं त्याला 'जा' म्हटलं नाही, तर म्हातारपणी त्याला पोसायचं गावानं. म्हणून हवालदार येऊन आधीच 'जा' म्हणून ठेवायचा. जायचं कुणीच नाही. लोहाराला असं म्हटलेलं, त्याला नातवंडं झाली, तरी तो इथंच नाल ठोकतोय. ऐकायचं, मान हलवायची, कामाला लागायचं. गावात हे पोराटोरांना ठाऊक होतं.

टॅम्सिनला ठाऊक नव्हतं. तिच्या मुलखात 'जा' म्हटलं की गाडीत घालून शिवेबाहेर नेऊन सोडत.

हवालदार आदल्या दिवशी येऊन गेला होता. टॅम्सिनला चार शब्दांत 'जा' म्हणाला, गरम दारू घेतली, सबमिटशी हसून बोलला आणि गेला.  आणि आता, या रेंद्याच्या सकाळी, ती जिन्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली.

"मालकीणबाई, कधी जायला हवं मला?"

एका वाक्याचं काम होतं. पण पंचाच्या कानाशी कोण लागलं हे तोंडावर दिसेल, म्हणून सबमिटनं मान वर केली नाही.

"ते त्यानं सांगितलंय ना? मग मला काय विचारतेस?"

पाव भट्टीतून निघाले, तेव्हा माळ्यावर गादी घडी करून ठेवलेली होती. मडकं चुलीजवळ होतं.

जोथमनं तिला शोधायला घोडा काढला. शेजारच्या गावात कळलं, बाई प्रार्थनाघराच्या पायरीवर टेकली होती, तिथल्या हवालदारानंही रिवाजाप्रमाणे 'जा' म्हटलं, आणि ती मुकाट्यानं उठली. नावाड्यानं तिला पलीकडे उतरवलं होतं. पुढं कुणी पाहिलं नव्हतं. दोन दिवस हिंडून, चिखलानं माखून तो परतला. चुलीशी बसला. 

"तुला विचारलं नाही का गं तिनं?"

"विचारलं."

"मग?"

"हात पिठात होते माझे," सबमिट म्हणाली. मग तिचं तिलाच ते सहन होईना. "पंचाला मीच सांगितलं होतं. खोकत होती म्हणून."

 जोथमनं बूट काढले आणि तो जाऊन निजला. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्यानंतर नदीपलीकडून आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला सबमिट विचारायची, खोकणारी एक इंग्रज बाई दिसली का. नाही दिसली. सराईत कुणी परका राहिला आणि हवालदार आला, की ती हातातलं काम टाकून त्याच्या मागोमाग खोलीत जायची. तो मजेनं म्हणायचा, "आलीस का माझं बोलणं पुसायला?" ती त्याच्याकडे बघायचीही नाही. "हा 'जा' म्हणेल," ती पाहुण्याला सांगायची, "तुम्ही जाऊ नका. कुणी जात नाही." ऐकणारा मान हलवायचा. पण ज्या एकीला हे सांगायचं होतं, ती तिथं नसायची.

त्या रात्री मात्र, जोथम परतून निजल्यावर, तिनं मडक्यावरचं फडकं उचललं. दोन दिवस कुणी पाहिलं नव्हतं. आंबवण निपचित, वर राखाडी पाणी साचलेलं. बाहेरच्या खोलीतून गाडीवाला ओरडला, पाव आहे की संपला?

सबमिटनं मूठभर पीठ घातलं, कोमट पाणी ओतलं, मडकं शालीखाली घेऊन पोटाशी धरलं. तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळानं आत एक बुडबुडा फुटल्याचं तिला जाणवलं.

तिनं मडकं चुलीजवळ ठेवलं आणि काथवट पुढं ओढली.