ओहोळावरचे तीन कूड

२० मे १९४८. सकाळपासून चिंच फोडतेय. दोन टोपल्या झाल्या, एक राहिली. पाऊस यायच्या आत ती मीठ लावून मडक्यात गेली पाहिजे, त्यामुळे बसून उसासे टाकायला मला आज वेळ नाही, आणि तशी मी उसासे टाकणारी बाईही नाही. तरी मध्येच उठले, चिकट हात धुतले आणि ह्यांच्या शाळेची एक कोरी वही घेऊन बसले. जे लिहायचं आहे ते मी ह्यांना सांगितलेलं नाही, पाठच्या बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा पुरतं म्हटलेलं नाही — अर्ध्यावर आलं की मी समईची वात सारखी करायला घेते.

आधी ओहोळाचं सांगते. नाही — आधी रस्त्याचं, कारण रस्ता नसता तर ओहोळाला काही झालंच नसतं.

आमची वाडी टोकावड्याच्या वर, घाटाच्या अंगाला. लढाईच्या दिवसांत रस्ता रुंद करायचं काम निघालं. डोंगराची कड तोडली, आणि तोडलेला सगळा मुरूम खालच्या उतारावर तसाच लोटून दिला. पहिल्याच पावसाळ्यात तो ओहोळात उतरला. रस्त्याखालची मोरी बुजली. ओहोळाच्या काठी आमचा पाणवठा, तिथलं पाणी दिवाळीपर्यंत तांबडं. कपड्यातून गाळा, तुरटी फिरवा, भात शिजला तरी दातांखाली कचकच. तुम्ही कधी कचकचणारा भात खाल्लाय? मग पुढच्या वर्षी, पावसाआधी, कामावरचा मिस्त्री वाडीत आला. म्हणाला, ही माती ओहोळात जाऊ नये असं कोणाला करता येईल?

सगळ्यांनी हिरूबाबाकडे पाहिलं.

हिरूबाबा वरच्या पाड्यातला. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, छातीत सतत घरघर. उन्हाळाभर तो शहापूरकडच्या जंगलात कोळशाच्या भट्ट्यांवर असायचा, आणि त्या धुरानं त्याची छाती खाल्ली होती. पण शेताचे बांध घालावेत त्यानंच. त्यानं घातलेला बांध फुटल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

मिस्त्रीच्या मनात चुन्यातली दगडी भिंत होती. हिरूबाबा हसला.

"भिंत घालाल तर पाणी चिडंल, सायेब. त्याला बसाय जागा द्या. बाई कशी, वझं घेऊन चालून चालून दमते, बसली का डोईवरचं खाली ठेवते. पाणी पण तसंच हाय. बसलं का वझं आपसूक उतरवतंय."

मिस्त्रीला पटलं का नाही कोण जाणे, पण त्यानं शब्द दिला. हे पावसाळाभर टिकलं तर हिरूबाबाला मैलकुली करायचं. मैलकुली म्हणजे एक मैल रस्ता सांभाळणारा माणूस. बारमाही काम, आणि काम उघड्यावर, धुरात नाही. हिरूबाबा नुसता खोकला, आणि कामाला लागला.

एकाखाली एक असे तीन कूड घातले त्यानं ओहोळावर. ऐनाच्या मेढी, म्हणजे जाड खुंट, ठोकल्या, त्यात कारवीच्या काठ्या विणल्या, जशी आपण घराची भिंत विणतो तशा. फटीत पेंढा आणि पातेरा, वाळका पाला, कोंबला, पायथ्याला चपटे दगड लावले. दगड आम्ही बायकांनी वाहिले. मी मनात म्हणत होते, ह्या काड्यांना आषाढातलं पाणी काय भीक घालणार?

आणि मग मी ते पाहिलं.

आषाढातल्या सलग पावसाचा आठवा दिवस होता. आम्ही चार-पाचजणी डोक्यावर इरलं घेऊन बघायला गेलो. पहिल्या कुडाच्या वर पाणी गेरू कालवल्यासारखं. ते कुडाशी येत होतं, थांबत होतं, जरा फुगत होतं, आणि काड्यांमधून सावकाश पाझरत होतं. दुसऱ्या कुडाखाली त्याचा रंग विटका झालेला. तिसऱ्या कुडाखाली मी पाय घातला — आणि मला माझ्या पायाची नखं दिसली. वर गेरू, खाली नखं. घरात तोंड मिटत नाही अशा बायका, पण पाण्यापुढे मुकाट उभ्या राहिल्या. मी देवळात अनेकदा हात जोडले आहेत, सवयीनं. त्या दिवशी हात आपोआप जुळले, आणि समोर होत्या नुसत्या काड्या आणि पेंढा.

इतकं पाहिलेल्या बाईनं पुढे जे केलं ते का करावं?

पहिल्या कुडाच्या मागे गाळ साचत होता. गुडघाभर, तांबडा, लोण्यासारखा गुळगुळीत. आणि आम्ही भातवाले. गाळ बसेल तिथे भात पिकेल, हे मी बापाच्या कडेवर बसून शिकलेले. ओहोळाला लागून आमची दोन खाचरं आहेत, हलकी, खडकाळ. रोज येता-जाता मी त्या गाळाकडे बघायचे, शेजारणीच्या दुभत्या म्हशीकडे बघतात तसं. शेवटी हिरूबाबाला विचारलंच. तो म्हणाला, "त्यो गाळ नाय गो काशे. डोंगराचं हाड हाय ते, दळलेलं. त्यात गवत पण धरायचं नाय."

मला सांगितलेलं होतं, हे लक्षात ठेवा. मला वाटलं — म्हातारा लबाड आहे. त्याला स्वतःला हवा असणार.

आवणीसाठी, भाताची रोपं लावायला, खाचरं चिखलून तयार होती. हे शाळेत गेले होते. भर दुपार, पाऊस असा की चार हातांवरचं दिसेना, वाडीतली सगळी दारं लावलेली. मी कोयता आणि पहार घेऊन गेले. ओहोळातून माझ्या खाचरांकडे पाट जातो, त्या बाजूच्या काठच्या तीन मेढी. फक्त तीन. काठ्या कोयत्यानं तोडल्या, पहारीनं मेढी हलवल्या, उपसल्या. मनात हिशेब असा की थोडा गाळ पाटानं खाचरात येईल, मग मेढी परत ठोकू. कोणाला कळतंय?

थोडा गाळ आला. हातभर रुंद, माझ्या पाटाच्या दिशेनं, अगदी शहाण्यासारखा. मग कुडाच्या मागचा सगळा गाळ उठला. म्हैस उठते ना — आधी मागचे पाय, मग सगळं अंग — तसा. पहिला कूड दिसेनासा झाला. दुसरा नुसता वाकला आणि गेला. तिसऱ्याचा आवाजसुद्धा आला नाही. दहा श्वास लागले असतील. पायाखालचा खडक थरथरत होता आणि समोरून अर्धा डोंगर चालत गेला.

खरं लिहायचं तर सगळं लिहिते. त्या दहा श्वासांत मला भीती वाटली नाही, लाजही नाही. मी भान हरपून बघत उभी राहिले. एवढं प्रचंड काही माझ्या हातून सुटलंय, ह्याचं मला नवल वाटलं. हो, थोडा आनंदही.

लाज नंतर आली. मग मी त्या तीन मेढी प्रवाहात फेकल्या.

दुसऱ्या दिवशी उघडीप पडली आणि सगळी वाडी गोळा झाली, मिस्त्रीही आला. पाणवठा मुरुमाखाली गाडला गेला होता. मोरी बुजली होती. माझी दोन्ही खाचरं तांबडी, वर ऊन पडताच सारवलेल्या अंगणासारखी घट्ट होत चाललेली. मी कपाळावर हात मारून घेतला. तो खोटा नव्हता — शेत खरंच गेलं होतं. म्हणून तर माझा कोणाला संशय आला नाही. सगळ्यात जास्त नुकसान माझं. बायका मलाच जवळ घेत होत्या.

आता मैलभर लांबच्या झऱ्यावर जावं लागणार म्हणून एकजण हिरूबाबाला म्हणाली, "बसलं ना बाबा पाणी? आता उठव त्याला, आमची घागर भरायची हाय." लोक हसले. दसऱ्यापर्यंत पाण्याला जाताना तो दिसला की हेच. मिस्त्री रागावलासुद्धा नाही. मैलकुलीची जागा दुसऱ्याला दिली, एवढंच.

त्या दिवशी हिरूबाबा मात्र मी मेढी उपसल्या त्या काठावर उकिडवा बसला होता. मेढींच्या तीन भोकांत बोट घालून बघत होता. बराच वेळ. मला वाटलं, आता मान वर करील आणि माझ्याकडे बघील. त्यानं मान वर केली आणि मिस्त्रीला म्हणाला, "खोल ठोकल्या नसतील म्या. माजीच चूक हाय."

मी तिथे होते. पाच हातांवर. तोंड उघडायला किती लागतं?

त्यानंतर बांध घालायला त्याला कोणी बोलावलं नाही. तो पुन्हा भट्ट्यांवर जाऊ लागला. दर उन्हाळ्यानंतर खोकला घेऊन परतायचा, दर वेळी थोडा कमी होऊन. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिकडेच, भट्टीवरच गेला. आणलं तेव्हा अंगाला धुराचा वास होता. मी पाहायला गेले होते. बोलले नाही. आता बोलायचं कोणाशी?

पण ते नंतरचं. माझी खरी गोष्ट त्या उघडिपीच्या दिवसाची आहे, संध्याकाळची. सगळे पांगल्यावर हिरूबाबा फावडं खांद्यावर घेऊन माझ्या बांधावर आला. मी न बोलावता. खाचरात उतरला आणि मुरूम खरवडायला लागला. म्हणाला, खालची काळी माती अजून जिती असंल, वरचं काढलं तर आवणी साधंल. मी म्हटलं, राहू द्या. तो थांबला, फावड्यावर टेकला, श्वास घेतला.

"काशे, तुझं वाटोळं झालं माज्यामुळं. मनात ठेवू नको गो."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "असू दे बाबा. चूक माणसाच्याच हातून होते. मी नाय मनात ठेवत."

मी त्याला माफ केलं. जे कोणाला सांगितलं नाही ते हे. मेढी उपसल्या, मेढी फेकल्या, गप्प बसले — ते सगळं एकीकडे. त्याचं तोंड एकदम मोकळं झालं. त्यानं मला हात जोडले. मी ते घेतले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शेतावर गेले. तो माझ्या आधी आलेला होता, निम्मं खाचर उघडं झालं होतं, आणि खाली खरंच काळी माती होती. मी टोपली घेतली. तो खरवडत होता, मी भरून बांधाबाहेर नेऊन टाकत होते. त्यानं दोनदा विचारलं, दमलीस का. मी नाही म्हटलं आणि टोपली पुढे केली.