पंधरावे रत्न

माझ्या खोलीचे दार वाजवायला त्या गावात कुणाकडे काही कारण नव्हते. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. डी.एड. झाले आणि मला माहीमच्या शाळेत नेमणूक मिळाली. मुंबईचे माहीम नव्हे. पालघरला उतरून एस.टी.ने जायचे, केळव्याच्या शेजारचे. हे मला अजूनही प्रत्येकाला समजावून सांगावे लागते आणि दर वेळी थोडा राग येतो.

आई-वडील आधीच गेले होते. मोठा भाऊ तारापूरच्या एका कारखान्यात होता आणि सालवडला एका खोलीत बायको-मुलांसह राहत होता. शिकत होते तोवर मीही तिथेच, भिंतीकडेच्या गादीवर. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा वहिनीने चाळभर पेढे वाटले. तिच्या आनंदात ती गादी रिकामी होण्याचाही आनंद होता, आणि त्यात तिचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

माहीमला केळीच्या एका वाडीत मागच्या बाजूची खोली भाड्याने मिळाली. मालक पालघरला राहायचे. आम्ही मूळचे घाटावरचे, मी मासळी खात नाही, आणि विहिरीवर बायका बोलायच्या त्यातले निम्मे मला कळायचे नाही. त्यात मी मुळातली तुसडी. कुणी आपणहून बोलले तर बोलेन, नाहीतर तोंडाला कुलूप. गावानेही ते ओळखले आणि मला माझ्यापुरते सोडून दिले. रविवारी स्टोव्ह पेटवला की त्याचा आवाज तरी सोबतीला असायचा. तो बंद झाला की खोली इतकी गप्प व्हायची की मी मोठमोठ्याने पाढे म्हणायची. चौथीला शिकवणारी बाई एकटीच एकोणतीसचा पाढा म्हणते आहे, हे कुणी ऐकले असते तर माझी नोकरी गेली असती.

नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या समुद्रात जायला लागल्या. वर्गातल्या निम्म्या पोरांचे बाप बर्फ भरून चार-चार, पाच-पाच दिवस बाहेर. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचा तास गोष्टीचा असे. मी देवादिकांच्या नेहमीच्या गोष्टी काढल्या, तर पोरे माझ्या आधीच शेवट सांगून मोकळी होत. एका शनिवारी मला त्याचा भारी संताप आला. मी म्हटले, “समुद्रमंथनातून चौदा रत्ने निघाली, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंधरावे खालीच राहिले, हे ठाऊक आहे का?”

वर्ग चिडीचूप झाला. मलाही ते तोवर ठाऊक नव्हते.

मग मी सांगत सुटले. देव आणि दानव चौदा रत्नांवरूनच इतके भांडत बसले की पंधरावे कुणी मागितलेच नाही. ते बिचारे तळाशी पडून राहिले. ते आणायला निघाली एक पोर. तिला मी नाव दिले नाही, कारण जे नाव घ्यावे त्या नावाची मुलगी वर्गात असायची आणि आठवडाभर नाक वर करून हिंडायची. ही पोर पाताळात उतरली वासुकीने टाकलेल्या कातीतून. मंथनाला दोर होऊन घासला गेलेला वासुकी, त्याची कात केवढी असेल! आत शिरायचे आणि घसरत घसरत सात पाताळे ओलांडायची. तळाशी ते म्हातारे कासव, ज्याच्या पाठीवर मंदार पर्वत फिरला होता. पाठीला खळगा पडलेला, त्या खळग्यात ही रात्री झोपायची. वरुणाच्या महालाच्या दारावर मगरी पहाऱ्याला. आमच्या सालवडला जाता-येता कारखान्यांची फाटके आणि वॉचमन पाहिलेले, त्यामुळे माझ्या मगरी हिंदीत बोलायच्या. “ए लडकी, पास दिखाओ! किस डिपार्टमेंट में जाना है?” पोरे हसून बाकांवर लोळायची.

ते रत्न होते तरी कसले, हे मला शेवटपर्यंत सुचले नाही. पोरांनी विचारले की मी म्हणायची, “आधी तिथवर पोचू तर द्या.”

एका शनिवारी घंटा झाली तेव्हा ती पोर एका प्रचंड माशाच्या पोटात अडकलेली होती. मी तिला तशीच ठेवून घरी आले. आणि रविवारी सकाळी दार वाजले.

बाहेर वर्गातली एक मुलगी उभी होती. बारकी, मोठ्या डोळ्यांची, वर्गात कधी तोंड न उघडणारी. मागे तिची आई, काष्ट्यात, मासळीची रिकामी पाटी कमरेवर घेऊन. “बाई, ही कालपासून जेवत नाय,” आई म्हणाली. “ती पोर माशाच्या पोटातून भायेर कवा येनार, तेवडं सांगा. मंग आमी जातो.”

मी म्हटले, ते पुढच्या शनिवारी. आईने कपाळाला हात लावला. मी आत बोलावले, चहा टाकला, आणि नियम मोडून त्या पोरीला माशाच्या पोटातून तेवढे बाहेर काढले. पण बाहेर काढले ते थेट नागांच्या तुरुंगात. मुलगी पुन्हा कासावीस झाली. त्या दोघी गेल्यावर मी तीन कप धुतले आणि दिवसभर मला बरे वाटत राहिले.

पुढचे सांगायला मला मुळीच संकोच वाटत नाही. मला युक्ती सापडली होती. पोर संकटात असली की रविवारी माझ्याकडे माणसे येत होती, म्हणून मी तिला संकटातून निघूच दिले नाही. नाग झाले, यक्ष झाले, एका यक्षाने तिची सावली गहाण ठेवून घेतली. भाद्रपद गेला, आश्विन लागला, पोर पाताळातच. दर रविवारी त्या मायलेकी यायच्या. आई बाजारात मासळी विकून परतताना टेकायची, चहा प्यायची, नवऱ्याच्या होडीबद्दल, भावाबद्दल, जावेबद्दल बोलायची. मुलगी एक शब्द न बोलता मला न्याहाळत बसायची. मला आता निम्म्याहून जास्त कळायला लागले होते. ती पोर वर आली असती तर हे सगळे बंद झाले असते, इतका साधा हिशेब होता.

दसऱ्यानंतर वारे फिरले. पाऊस संपला असे वाटत असतानाच दोन दिवस समुद्र खवळला. बाकीच्या होड्या घाईने परतल्या, त्या मुलीच्या बापाची आली नाही. ती शाळेतही आली नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवेलागणीला, मायलेकी माझ्या दारात उभ्या. रविवार नव्हता. आईने चहाला नको म्हटले आणि ती उंबऱ्याशीच बसली.

“बाई, आज तिला वर आना,” ती म्हणाली. “हिनं धोशा लावलाय. ती वर आली का बाबा येल, असं बोलते. मला बी आता ती खाली असल्याली बरी वाटत नाय.”

मी घाईघाईने सुरुवात केली. शेवटचे दार उघडले, रत्नाचा उजेड पडला, मगरी डोळे झाकून बाजूला झाल्या, पोरीने रत्न उचलले आणि ती कातीतून वर चढू लागली. मला वाटले, छान जमते आहे.

“रत्नाचं सोडा,” आई म्हणाली. “त्या पोरीच्या घरी कोन हाय?”

मी थांबले. इतके आठवडे मी त्या पोरीला कासव दिले होते, बोलणारा शंख दिला होता, उडणारी होडी दिली होती. घर दिले नव्हते. मी म्हटले, “कोणी नाही. एकटीच आहे ती. साहसाच्या गोष्टीतली पोरे तशीच असतात. घरी कोणी असले तर जाऊ देतील का पाताळात?”

मुलीने आईकडे पाहिले. आईचा चेहरा उतरला. “मंग ती येल कशी?” ती म्हणाली. मला कळले नाही. तिने मग मला समजावले, वर्गातल्या ढ मुलाला मी समजावते तसे. माणूस समुद्रात असला की घरात त्याचा भात रोज वेगळा काढायचा. त्याचे कोरडे कपडे खुंटीवर ठेवायचे. भरतीच्या वेळी कुणीतरी किनाऱ्यावर जाऊन उभे राहायचे, होडी दिसो न दिसो. ती हे गेले तीन दिवस करत होती. “वाट बघाया कोन असल तर मानूस येतो, बाई. तिची वाट कोन बघतंय?”

मी वाद घातला. म्हटले, तिच्याकडे मंत्र आहे, वरुणाचा आशीर्वाद आहे. आईने नुसती मान हलवली. आणि मग काय झाले कोण जाणे, माझा आवाज चढला. “वाट बघणारे कोणी नसले म्हणजे माणूस काय मरतो का? माझी कोण वाट बघते? मी येतेच ना रोज शाळेतून या खोलीत? दिवाळीला जाईन, दिवाळीनंतर परत येईन. कोण उभे असते माझ्यासाठी?”

बोलून गेले आणि लाजेने मरायची वेळ आली. जिचा नवरा समुद्रात, तिच्यापुढे मी हे काय घेऊन बसले होते! तेवढ्यात मुलगी पहिल्यांदाच बोलली. “मी उभी रायते,” ती म्हणाली.

मी डोळे पुसले आणि गोष्ट पुढे नेली. पोर वर चढता चढता वाट चुकली, अंधार झाला, रत्न विझले. तेवढ्यात तिला दिसले की किनाऱ्यावर एक मुलगी उभी आहे. ती कुणाची कोण, हे तिला माहीत नव्हते. पण ती मुलगी हलत नव्हती, म्हणून पोर तिकडेच पोहत राहिली आणि पाण्याबाहेर आली. झाली गोष्ट. मायलेकी उठल्या आणि किनाऱ्याकडे गेल्या, कारण भरतीची वेळ झाली होती.

होडी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इंजिन बंद पडले होते, डहाणूकडच्या एका होडीने ओढत आणली. माझ्या गोष्टीने ती आली असे मी म्हणत नाही. पण शाळेत पोरांनी तसेच म्हटले आणि मी त्यांना दुरुस्त केले नाही.

मात्र त्यानंतर रविवारी कुणी आले नाही. येणार कशाला? पोर घरी पोचली होती. मी नवी गोष्ट सुरू केली, अरण्यातली, राक्षसांची. पोरे ऐकायची, हसायची आणि घरी जाऊन पोटभर जेवायची. मी पुन्हा स्टोव्ह आणि पाढे. त्या मायलेकींची मला इतकी सवय झाली होती की दोनदा मी तिघींचा चहा टाकला. पण आपणहून त्यांच्याकडे जायचे मला सुचले नाही. सुचले असते तरी गेले नसते.

दिवाळीच्या सुट्टीत सालवडला गेले. शाळा सुटताना वर्गात सांगितले होते, “सुट्टी संपते त्या रविवारी संध्याकाळी मी येईन, सोमवारी गृहपाठ तपासीन.” पोरांना धाक बसावा म्हणून. भावाची रात्रपाळी होती. तो दिवसा झोपायचा, म्हणून सगळे घर कुजबुजत बोलायचे. शेजारची बिहारी बाई तेवढी “दीदी, कब आई?” म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता आत गेली. रविवारी मी निघणार, तर वहिनी म्हणाली, उद्या पहाटे जा, आज मुलांकडे बघ, मला माहेरी जाऊन यायचे आहे. मी राहिले. कुणाला कळवायचे असते हे माझ्या डोक्यातही आले नाही.

सोमवारी पहाटेची शटल पकडून बोईसरहून पालघर आणि तिथून एस.टी., अशी थेट शाळेत पोचले. ती मुलगी वर्गात नव्हती. पोरांनी सांगितले, तिला ताप आलाय. काल संध्याकाळपासून शेवटची गाडी येईस्तोवर एस.टी.च्या थांब्यावर उभी होती.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात आई जाळे पसरत होती. मला पाहून तिने ते खाली टाकले आणि जी सुरू झाली ती थांबेचना. “येनार नवतीस तं सांगून जायाचं! पोर गाडी गाडी बघत व्हती. बोलावलं तं हलत नाय. बोलते, बाईंची वाट बघाया कोन नाय, मी हलली तं त्या येनार कशा? तुज्यासाठी बिनमासळीचा भात वेगळा काढला व्हता, तो सकाळी कोंबड्यांना घातला. आमाला काय जीव नाय? कवापास्न मनात काय काय येतंय!”

शेजारच्या बायका बाहेर येऊन बघत होत्या. मी मान खाली घालून उभी होते. मला उशीर झाला म्हणून माझ्यावर कुणी रागावले नव्हते, माझी आई गेल्यापासून एकदाही नाही. सॉरी म्हणायला मी तोंड उघडले आणि मिटले, कारण मी बोलले असते तर ती थांबली असती.