अठरा किलोची नात

माझी मुलगी पाच वर्षांची झाली तेव्हा तिच्या वजनावर दोन माणसांचा डोळा होता. एक मी आणि दुसरे माझे वडील, आबा.

नांदेडहून अहमदपूरला माहेरी जाताना मी तिला कारच्या मागच्या सीटवर, पट्ट्यांच्या लहान खुर्चीत बांधून न्यायचे. आबांना ते अजिबात खपायचं नाही. त्यांच्या मते लेकराची जागा आजोबाच्या मांडीवर. "पोरीला काय चोरी करताना धरलंय का?" असं ते दर वेळी विचारत. मीही त्यांचीच लेक. खुर्चीच्या पुस्तिकेत अठरा किलोपर्यंत असं लिहिलं होतं. अठरा भरल्याशिवाय ही खुर्ची सुटणार नाही, असं मी एकदा चिडून सांगून टाकलं. आबांनी त्या दिवसापासून नातीच्या भाकरीवर तुपाची धार धरली.

दिवाळीनंतर सोयाबीनचा टेम्पो आडतीवर गेला आणि मागोमाग माझ्या कारने आम्ही तिघं. पोती मोजून झाली तशी आबांनी नातीला काट्यावर उभं केलं. साडेअठरा! आबा माझ्याकडे बघून हसले. तेवढ्यात आडत्याने सवयीने पुकारलं, "कडता एक किलो. साडेसतरा!"

बारदान, ओल, माती अशा नावांखाली मालातून किलोभर कापतात, तो कडता. आबा जन्मभर त्याच्यावरून भांडत आलेत.

"आरं, नातीचा बी कडता कापतो का? कुठं ओल हाय तिला?"

खरं सांगायचं तर मला आडत्याचंच पटत होतं. पोरीच्या पायात सँडल होते, फ्रॉकचे खिसे शेंगांनी फुगले होते आणि नाक वाहत होतं, म्हणजे ओलही होती. मी सँडल काढले, खिसे रिकामे केले, नाक पुसलं. अठरा किलो दोनशे ग्रॅम. मी हरले.

"काढ आता ती खुर्ची," गाडीपाशी येताच आबा म्हणाले. "माज्या मांडीवर बसंल ती."

मी खुर्ची काढली आणि महिनाभर डिकीत पडलेला बूस्टर तिथे ठेवला. बसायला उंच, म्हणजे मोठ्यांचा पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून जातो. मुलगी टुणकन चढून बसली.

"आता हे काय?"

"आबा, जोरात ब्रेक लागला तर मांडीवरचं लेकरू हातातून सुटतं. मला फार भीती वाटते."

ते बूस्टरकडे बघत राहिले. "आन् हे किती किलोपस्तोर?"

"छत्तीस."

"तवर तर ती मांडीवर बसायचीच न्हाई गं."

पट्टा कसा लावायचा तेवढं मी त्यांना दाखवलं. त्यांनी तो दोनदा चुकीचा लावला, तिसऱ्यांदा नातीनेच हात धरून शिकवलं, आणि मग आबा पुढे न येता मागेच, तिच्या शेजारी बसले.