पाचपेडी वेणी

थोरलीचं दुकान म्हणजे तीन खुर्च्या, तीन आरसे आणि मागे केस धुवायचं बेसिन. सत्तावीस वर्षं ती केस कापत होती. बाई दारातून आत आली की खुर्चीत बसायच्या आधीच तिला कळायचं, हिचा भोवरा उजवीकडे आहे आणि ही घरी आरशासमोर स्वतःच कात्री चालवते. थोरलीच्या हाताखालून डोकं गेलं की वय पाच वर्षांनी उतरतं, असं गल्लीतल्या बायका म्हणायच्या. एवढं असून तिला एक वेणी येत नव्हती, आणि येत नाही हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती वेणी तिच्या आईची होती.

आई तीस वर्षं दोरखंडाच्या कारखान्यात होती. तिची आईही तिथेच. पाच पेडांची वेणी घरात कशी आली ते कुणाला माहीत नाही, पण ती दोरखंडासारखी गोल बसायची, दोन दिवस झोपून उठलं तरी एक केस बाहेर यायचा नाही. दर रविवारी सकाळी नऊ वाजता मागच्या दारात आई स्टुलावर बसायची आणि पुढ्यात लहान स्टूल ठेवायची. आधी थोरली, मग धाकटी. तेल, फणी, वेणी आणि गप्पा. आठवड्यात कुणी काय केलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, आजी कशी कारखान्याच्या मुकादमाला घाबरायची नाही, हे सगळं त्या दोन स्टुलांवर बोललं जायचं.

एकोणिसाव्या वर्षी थोरलीनं केशकर्तनाचा कोर्स केला. परीक्षेला मॉडेल मिळेना, म्हणून तिनं मैत्रिणीला आपलंच डोकं दिलं. कमरेपर्यंतचे केस मानेपर्यंत करून ती घरी आली. आईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. रविवारी तिनं लहान स्टूल मांडलं आणि हाक मारली ती फक्त धाकटीला.

थोरलीनं खांदे उडवले. पण त्या दिवसापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्याही ओव्यानं बरं होणारं नव्हतं.

धाकटी तिच्याहून सहा वर्षांनी लहान. रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होती. सुई टोचली कधी आणि निघाली कधी ते माणसाला कळायचं नाही, इतका तिचा हात हलका. बोलायची कमी, वाचायची फार. तीन वर्षं ती एकेक पुस्तक आणून वाचत होती, लॅबमधल्या एका वयस्कर बाईंना शंका विचारत होती, आणि चौतिसाव्या वर्षी तिनं कलमा पढून इस्लाम स्वीकारला. तेव्हा तिचं लग्न झालेलं नव्हतं. कुणासाठी केलं असं म्हणायला कुणी नव्हतंच, त्यामुळे नातेवाइकांची फारच अडचण झाली.

तिनं ते आईला सांगितलं रविवारीच, वेणी चालू असताना. थोरली ओट्याशी चहा गाळत होती. आईचे हात थांबले. बराच वेळ पाचही पेड तिच्या बोटांत तसेच राहिले.

"उपास करावे लागतात ना त्यात?" आईनं विचारलं.

"महिनाभर. दिवसा."

"तुला पित्त होतं."

"बघेन मी, आई."

"आणि रविवारी?"

"रविवारी काय? येणार ना मी."

आईनं डोळे पुसले, पेड पुन्हा घट्ट ओढले आणि वेणी पुरी केली.

थोरली त्या दिवशी पुष्कळ बोलली. लोक काय म्हणतील, बाबा असते तर काय झालं असतं, सगळं म्हणून झालं. पण घरी परत जाताना बसमध्ये तिच्या लक्षात आलं, की आपल्याला मनातून बरं वाटतंय. आता ही केस झाकणार. झाकलेल्या केसांना वेणी कशाला? हिचे रविवार सुटतील आणि आई एकटी पडेल. मग आपण जाऊ. ह्या विचाराची तिला लाज वाटली. पण तो विचार गेला नाही.

तिनं रविवारी सकाळी दुकान बंद ठेवायला सुरुवात केली. पार्लरवालीनं रविवार सोडणं म्हणजे दूधवाल्यानं सकाळ सोडणं. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. थोरली साडेआठलाच आईकडे जाऊन बसायची. आणि बरोबर नऊला दारात चपला वाजायच्या. धाकटी आत यायची, डोक्यावरचा स्कार्फ सोडून घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकायची आणि लहान स्टुलावर बसायची. केस आता पूर्वीपेक्षाही लांब. आईची बोटं तेलात बुडायची आणि थोरली चहाचा कप हातात धरून बघत राहायची. थोरलीचा नवरा तिला न्यायला यायचा तेव्हा बाहेरूनच खाकरायचा. धाकटी स्कार्फ घेईपर्यंत तो फाटकाशी उभा राहायचा, आणि याचंही थोरलीला वाईट वाटायचं. आपला नवरासुद्धा हिची वेळ सांभाळतो!

मग ती खोड्या काढायला लागली.

"तुमच्यात चालतं का गं हे?"

"आईनं वेणी घातलेली कुणात चालत नाही, ताई?"

बाबांच्या फोटोपुढे आई संध्याकाळी दिवा लावायची. धाकटी आता तो लावत नसे, फोटोला हातही जोडत नसे. ते थोरलीनं लगेच टिपलं आणि चार ठिकाणी सांगितलं. पण बाबा गेले त्या तारखेला सकाळी सहा वाजता येऊन, बाबा करायचे तसं सगळ्यांच्या चपला-बुटांना पॉलिश करून ओळीनं मांडून ठेवणारी धाकटीच होती. थोरलीला ती तारीख दोनदा दुपारी आठवली होती. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नाही.

पुढे धाकटीनं एका विधुराशी लग्न केलं. तो छापखान्यात होता. त्याला पहिल्या बायकोची एक लहान मुलगी होती. धाकटीचे रविवार तेव्हाही चुकले नाहीत.

सात वर्षं अशीच गेली आणि थोरलीच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगी पाळण्यात होती तेव्हापासून थोरली त्या दिवसाची वाट पाहत होती. लेकीचे केस ती स्वतः करणार होती. तीन प्रकार तिनं वहीत काढून ठेवले होते, पिनांचा नवा डबा आणला होता.

लेक वही चाळून म्हणाली, "छान आहेत गं. पण मला आजीची पाचपेडी हवी."

"आजीची बोटं बघितलीस का? संधिवातानं वाकडी झालीत. तिला आता कप धरवत नाही."

"मग मावशी घालेल. तिला येते ना!"

थोरलीनं वही मिटली. पुढे तिनं जे केलं ते ठरवून केलं. लेकीला सांगितलं, "मावशीला आपल्या विधींना बसता येत नाही, ती नुसती जेवायला येणार आहे." आणि धाकटीला फोन करून म्हणाली, "तू वाईट वाटून घेऊ नकोस, पण मुलाकडची माणसं जरा जुन्या वळणाची आहेत. त्यांना खटकेल. तू आपली दुपारी जेवायलाच ये."

धाकटी म्हणाली, "बरं."

नुसतं बरं! भांडली असती तर थोरलीला सोपं गेलं असतं.

त्या आठवड्यात दुकान बंद करायच्या वेळी थोरली सरावाचं रबरी डोकं खुर्चीवर बसवून पाचपेडी घालून बघायची. चौथा पेड खालून न्यायचा की वरून? वेणी चटईसारखी चपटी व्हायची. मोडायची, पुन्हा घालायची. समोरच्या आरशात दोन तोंडं दिसायची, एक रबराचं आणि एक तिचं, आणि दोन्ही सारखीच मख्ख.

लग्नाला दोन आठवडे राहिले होते. रविवारी ती आईकडे पोचली तेव्हा दोन्ही स्टुलं भरलेली होती. मोठ्या स्टुलावर धाकटी, लहान स्टुलावर छापखानेवाल्याची आठ वर्षांची मुलगी, आणि आई शेजारी खुर्चीत बसून वाकड्या बोटानं दाखवत होती, "हां, आता हा खालून घे. बघ, कशी गोल बसतेय पोरीला!"

थोरली दारातच उभी राहिली. "हिला?" ती म्हणाली. "ही आपल्या रक्ताची तरी आहे का?"

मुलीनं मान वळवली. धाकटीनं हातातले पेड सोडले नाहीत, पण तिचा चेहरा लाल झाला. "ताई, मला काय बोलायचं ते बोल. आजवर बोललीसच. तिला नाही बोलायचं."

"तुला झालंय काय?" आईनं विचारलं.

"मला का नाही शिकवलंस तू?" थोरलीचा आवाज चिरकला. "मी पोटची, थोरली. केस हा माझा धंदा. आणि तू ती वेणी हिला दिलीस, जी घर सोडून गेली! वरून ह्या..." ती मुलीकडे बघून थांबली.

आई थक्क होऊन बघत राहिली. "अगं, तू विचारलंस कधी? एका शब्दानं? केस कापून आलीस तेव्हा वाटलं, हिला आता आपल्या वेणीची लाज वाटते. तुझ्या दुकानात मशिनी, फवारे, काय काय. मी कारखान्यातली बाई. मी कुठल्या तोंडानं म्हणणार, ये तुला शिकवते?" मग जरा थांबून म्हणाली, "आणि ही कुठे सोडून गेली? दर रविवारी नऊला दारात असते. त्याआधीची कितीतरी वर्षं रविवारी तूच क्वचित यायचीस. हिनं ते पाऊल उचललं तेव्हापासून यायला लागलीस, ते कशासाठी हे मला कळत नाही असं वाटलं का तुला?"

मुलगी हळूच म्हणाली, "अम्मी, आपण लग्नाला फक्त जेवायला जायचं ना? मग तेव्हा सकाळी घातलेली वेणी दुपारपर्यंत टिकेल का?"

"फक्त जेवायला का?" आईनं विचारलं.

धाकटी म्हणाली, "मलाच सुट्टी कमी आहे, आई."

थोरलीला ते सहन झालं नाही. बहिणीनं आपल्याला झाकावं, हे त्या वेणीपेक्षाही जास्त झोंबलं. "खोटं बोलतेय ती," ती म्हणाली. "मी सांगितलं तिला. मुलाकडच्यांचं नाव पुढे करून. ते लोक काही म्हणाले नव्हते."

"मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "मुलाची आई महिन्याला साखर तपासायला माझ्याकडेच येते. सकाळपासून या म्हणून तिनं मला स्वतः सांगितलंय."

"मग 'बरं' का म्हणालीस?"

"तुला मी नको होते. मग कारण काय का असेना."

थोरली मागच्या पायरीवर बसली आणि रडली. कुणी तिची समजूत काढायला आलं नाही. मुलीची वेणी पुरी झाली. मग धाकटीनं चहा टाकला आणि एक कप तिच्यापुढे आणून ठेवला.

लग्नाच्या दिवशी धाकटी सकाळी सातला हॉलवर हजर होती. तिनं भाचीची वेणी घातली. थोरली शेजारी पिनांचा डबा धरून उभी होती. तिसऱ्या वळशाला ती म्हणाली, "इथे सैल आहे." धाकटीनं बोटानं चाचपून पाहिलं, खरंच सैल होतं. तेवढं सोडवून तिनं पुन्हा घातलं. त्या एका चुकीनं थोरलीला झालेला आनंद तिच्या वयाला शोभणारा नव्हता. विधी चालू झाले तशी धाकटी मागच्या रांगेत जाऊन बसली, आणि नमाजाची वेळ झाली तेव्हा आईला सांगून वरच्या खोलीत गेली.

जेवणाच्या वेळी मुलाकडची एक बाई थोरलीजवळ आली. "काय वेणी घातलीय हो मुलीला! तुमचाच हात दिसतोय."

"हो," थोरली म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. वळून बघते तो चार पावलांवर धाकटी ताट घेऊन उभी. तिनं ऐकलं होतं. ती मुलीला घेऊन कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसली.

थोड्या वेळानं दुसरी बाई आली. तेच कौतुक, तोच प्रश्न. थोरलीनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "मी नाही. मला ती वेणी येत नाही. माझ्या बहिणीनं घातलीय. ती बघा, तिथे बसलीय, हिरव्या स्कार्फात."

बाई तडक तिकडे गेली. तिच्यामागून आणखी तिघी-चौघी. कोपऱ्यात घोळका झाला, कुणी छापखानेवाल्याच्या मुलीची वेणी हातात घेऊन बघायला लागली, हसणं ऐकू आलं. थोरली लांबून बघत होती. पोटात दुखत होतंच, ते खरं बोलल्यामुळे थांबलं वगैरे नाही. तरी ती उठली, आपलं ताट घेऊन त्या टेबलाशी गेली आणि गर्दीतून वाट काढत बहिणीशेजारची खुर्ची ओढून बसली.

"मला शिकवशील?" तिनं खालमानेनं विचारलं.

"चौथा पेड खालून जातो," धाकटी म्हणाली. "आधी जेव."

त्याला आता दोन वर्षं झाली. थोरलीची पाचपेडी चपटी राहिली नाही, पण आईच्यासारखी गोलही बसत नाही. आठ-दहा गिऱ्हाइकांनी मागितली तरी दुकानात ती घालत नाही. येत नाही म्हणून सरळ सांगते. कुणी रविवारी सकाळी वेळ मागितली तर म्हणते, "रविवारी मी शिकायला जाते." कुणाकडे, असं विचारलं की अजूनही तिला उत्तर द्यायला क्षणभर जड जातं. पण देते.