पनीर मसाल्याचा फोटो

लग्नाचे फोटो काढणं मी हळूहळू सोडलं आणि हॉटेलांच्या कामाला लागलो. मेहकर-चिखलीकडे नवी फॅमिली रेस्टॉरंट उघडत होती. मेनूकार्डावर, बाहेरच्या फलकावर, मोबाइलच्या नकाशात आपले पदार्थ दिसावेत असं प्रत्येकाला वाटायचं. काम शांत होतं. पनीर ऐन वेळी डोळे मिटत नाही आणि त्याचे मामा-काका रुसत नाहीत.

मेहकरच्या बाहेर चिखली रस्त्यावर एका जोडप्याने असंच हॉटेल काढलं. नवऱ्याची आधी उंद्रीला भज्यांची गाडी होती. पन्नाशीकडे झुकलेला, कमी बोलणारा माणूस. स्वयंपाक तो करणार आणि बायको गल्ल्यावर बसणार, असं ठरलेलं. उद्घाटनाच्या आधी त्यांनी मला बोलावलं.

सकाळच्या उजेडात मी आधी आतल्या जागेचे फोटो घेतले. पिवळ्या भिंती, लाल खुर्च्या, अजून कुणी न बसलेलं कोपऱ्यातलं टेबल. मग पदार्थ. खिडकीसमोर टेबल ओढलं, पलीकडे थर्माकोलची पांढरी पाटी उभी केली. पनीर मसाल्यावर ब्रशने तेल फिरवलं. भाजी गार झालेली, म्हणून वाफ दिसावी यासाठी वाटीमागे उदबत्ती लावली. तो शेजारी उभा राहून कोथिंबिरीची पानं एकेक करून ठेवत होता.

तेवढ्यात मला करपल्याचा वास आला. स्वयंपाकघराचं दार त्याच्या पाठीशीच होतं.

"दादा, आत काहीतरी जळून राह्यलं."

त्याने स्वयंपाकघराकडे पाहिलंच नाही. आधी बायकोकडे पाहिलं. ती धावत आत गेली आणि कढई खाली उतरवल्याचा आवाज आला. खोबरं काळं झालं होतं.

नंतर चहा पिताना त्याने स्वतःच सांगितलं.

"कोरोनात गेला वास. ताप उतरला, पन वास काही वापस आला नाई. खारट, तिखट, आंबट तेवढं कळते. बाकी सगळं गवतावानी."

"अन् तरी हॉटेल काढलं?"

"दुसरं काय येते मले?"

बायको कप गोळा करत होती. ती म्हणाली, "नाक माहं, हात याह्यचे. कोनाले सांगू नका, भाऊ."

मी कुणाला सांगितलं नाही. आणि त्यांचं खरंच तसं चाललं. ती गल्ल्यावर बसायची, पण भाजीची प्रत्येक वाटी तिच्यासमोरून जायची. तेलाचा डबा उघडला की ती वाकून वास घ्यायची, दुधाची पिशवी फोडली की नाकाशी धरायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाई फार चोखंदळ आहे. काही महिने हॉटेल चांगलं भरायचं. मी चिखलीहून परतताना तिथेच जेवायचो. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन जेवणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा.

एकदा मी म्हटलं, "दादा, असं पाहू नका. लोकाईले घास जात नाई."

"मंग मले कसं कळन?" तो म्हणाला.

उन्हाळ्यात बायकोच्या माहेराहून, संग्रामपूरहून निरोप आला, की तिच्या वडिलांचं काही खरं नाही. ती निघाली. दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वाढदिवसाची ऑर्डर होती, आधीच घेतलेली. पनीर नवीन आणा, ग्रेव्ही सकाळची वापरू नका, असं ती बसमधूनही फोन करून सांगत होती. त्याने पनीर नवीनच आणलं. पण दुपारभर वीज गेली आणि फ्रिज बंद पडला. संध्याकाळी त्याने पनीर हातात घेऊन पाहिलं, पांढरंच होतं. तुकडा चाखला, आंबट लागला नाही. मग ते मसाल्यात टाकलं. जेवताना एक बाई म्हणाली होती, वास येतो आहे. बाकीच्यांनी तिला गप्प केलं.

ज्या मुलीचा वाढदिवस होता तिला सर्वांत जास्त त्रास झाला. ती वाचली, हे आधीच सांगतो. पण तिला बुलढाण्याला हलवावं लागलं आणि ती बरेच दिवस दवाखान्यात होती. बाकीच्या लेकरांना मेहकरलाच सलाइन लावली. हॉटेलवाला तिला पाहायला दवाखान्यात गेला तेव्हा मुलीचा बाप दारातच उभा होता. त्याने हात उचलला नाही, शिवी दिली नाही. "जा इथून," एवढंच म्हणाला. हा बाहेर रस्त्यावर येऊन उभा राहिला आणि तिथूनच त्याने मला फोन केला. तोवर काही पोरांनी हॉटेलच्या काचा फोडल्या होत्या.

त्याच रात्री पनीर मसाल्याचा फोटो मोबाइलवर फिरायला लागला. माझाच फोटो. त्यावर लाल फुली आणि खाली लिहिलेलं, इथे जेवू नका. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरही तो आला. माझ्या मामांनी पाठवला होता, त्यांना तो कुणी काढला ते ठाऊक नव्हतं.

"भाऊ, तो काढून टाकता येईन काय?" त्याने विचारलं.

नकाशावरून मी तो काढला, माझ्या पानावरूनही काढला. लोकांच्या फोनमधून कसा काढणार?

त्याच्या बायकोचे वडील त्याच आठवड्यात गेले. राख सावडून ती परत आली. तोवर तपासणीवाले नमुने घेऊन गेले होते आणि हॉटेल बंद करायला लावलं होतं. पुढे परवाना गेला तो परत मिळाला नाही.

काही दिवसांनी त्यांनी मला पुन्हा बोलावलं. खुर्च्या, टेबलं, भट्टी विकायची होती आणि घेणाऱ्यांना फोटो पाठवायचे होते. या वेळी ना तेल लागलं, ना उदबत्ती. खुर्च्या एकावर एक रचून मी फोटो घेतले. ती काचेचे तुकडे झाडत होती. तिने नवऱ्याला एका शब्दाने दोष दिला नाही. स्वतःलाच म्हटल्यासारखी फक्त एकदा बोलली, "दोन दिवस थांबून मंग जायाले पाह्यजे होतं, नाई तर जाऊच नव्हतं पाह्यजे." यातलं काय करायला हवं होतं, ते तिलाही ठरवता आलं नसावं.

तो टेबल पुसता पुसता थांबला. "त्या पोरीच्या बापाले सांगून टाकू काय? मले वास येत नाई म्हनून?"

"काऊन सांगता?" ती म्हणाली. "मंग कोनी कामालेबी ठेवनार नाई तुमाले."

मी कॅमेरा खाली केला. तो पुन्हा टेबल पुसायला लागला. ते टेबल आधीच स्वच्छ झालं होतं.

सामान चिखलीच्या एका माणसाने नेलं. ती दोघं तिच्या माहेरी संग्रामपूरकडे राहायला गेली. तिथे तो बाजारात कांदे-बटाटे विकतो, आणि घरचा स्वयंपाक आता ती करते. मध्ये एकदा त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर त्याने विचारलं, ती पोरगी दिसते का कधी? मी म्हटलं, दिसते, शाळेत जाताना पाहतो. थोडी बारीक झाली आहे, पण बरी आहे.

"हाव," तो म्हणाला. मागे बाजाराचा गोंगाट ऐकू येत होता. मग कुणीतरी भाव विचारला आणि त्याने फोन ठेवला.